आईने दोन पाकिटं घेतली, मी तीनदा नोटा (म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही') दाबलं. आता पुढच्या वेळी जायचं का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पुण्यात नोकरीला, गाव सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं, नाव नको. २ डिसेंबरला आमच्या नगरपालिकेचं मतदान झालं, मंगळवार होता, दोन दिवस रजा टाकून मुद्दाम गेलो. आदल्या रात्री म्हणजे आमच्याकडे जिला कत्तल की रात म्हणतात त्या रात्री साडेदहाला "काकूऽ" अशी हाक आली. बघतो तर गल्लीतलाच पोरगा, ज्याला आईने दहावीला गणित शिकवलं तो. हातात मतदार यादीची झेरॉक्स, नावांपुढे पेन्सिलच्या टिका. आईच्या नावापुढे टिक होती, माझ्या नावापुढे फुली आणि बारीक अक्षरात 'पुणे'. मला बघून म्हणतो, "दादा तुम्ही आलाय होय, मग थांबा", असं म्हणून त्याने खोडरबरने फुली पुसली, टिक केली आणि पिशवीतून अजून एक पाकीट काढलं. खोडरबर घेऊन फिरत होता हो. मला त्या क्षणी राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटलं आधी.

मी घेतलं नाही तर त्याचाच चेहरा उतरला, "दादा परत नेलेलं चालत नाही, हिशोब द्यायला लागतो". आईने तिचं घेतलं आणि देवघरात उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलं. तासाभराने दुसऱ्या पार्टीचा माणूस, परत तेच, आईने तेही घेतलं आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं. मी चिडलो तर म्हणते, "दोघांचं घेतलं म्हणजे कुणाचंच घेतलं नाही."

हे एक झालं. दुसरं म्हणजे त्या पंधरा दिवसांत गावात जे चाललं होतं ते. आमच्याकडे पाणी चार दिवसाआड येतं, त्यावर एक माणूस बोलला नाही. एका बाजूचं गाणं रिक्षावर, दुसऱ्या बाजूचं टेम्पोवर, दोन्ही गाण्यांत फक्त समोरच्याची लायकी. गावच्या ग्रुपवर एका उमेदवाराच्या सुनेच्या घटस्फोटाच्या कागदांचे फोटो फिरत होते, त्या पोरीचा काय संबंध? आणि हे फॉरवर्ड करणाऱ्यांत माझे शाळेतले मास्तर पण.

सकाळी मशीनसमोर उभा राहिलो आणि तिन्ही मतांना नोटा दाबलं, एक नगराध्यक्षाचं आणि प्रभागातली दोन. दरवेळी बाहेर आल्यावर बोटाची शाई बघून जरा बरं वाटतं, यावेळी नाही वाटलं.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक अजून जाता का? आणि कशासाठी जाता? पैसे घेऊन मत भलत्यालाच दिलं तर ते चूक का बरोबर, हेही सांगा, आईशी वाद अजून संपलेला नाही.

खालची_आळी

पहिला नंबर. काकूंना साष्टांग नमस्कार कळवा. बाकी वाचतो निवांत.

माजी_बूथवाला

लेखकराव, तुम्ही ज्या पोराला बघितलं तो मी होतो, म्हणजे तोच नव्हे पण दहा वर्षं मी तेच काम केलं, त्यामुळे पलीकडून कसं दिसतं ते सांगतो. लांबेल, सहन करा.

पहिली गोष्ट, पाकीट मत विकत घ्यायला नसतं. हे आम्हालाही माहीत असतं की काकू दोघांचं घेणार. पण वाटलंच नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत गावभर होतं की "ह्याने हात आखडला, हा पडतोय", आणि पडणाऱ्याच्या मागे कोण जातंय. म्हणजे ते आत शिरायचं तिकीट आहे, नाटक आवडेल याची गॅरंटी नाही. यादीत तीन प्रकार असतात, आपले, त्यांचे आणि कुंपणावरचे. तुम्हाला वाटेल पैसा कुंपणावरच्यांना जातो. नाही! सगळ्यात जास्त जातो आपल्याच पक्क्या लोकांना, कारण शेजारणीला मिळालं आणि मला नाही म्हटल्यावर "आमचं मत काय फुकटचं हाय का" म्हणून रुसणारे आपलेच असतात. वरून जेवढं निघतं तेवढं दारापर्यंत पोचत नाही हे वेगळं सांगत नाही. काही वाड्या-वस्त्यांवर बेलभंडारा उचलायला लावतात, देवाची शपथ, की मत इकडेच. मी दोनदा ते केलंय आणि त्याची अजून लाज वाटते. एका म्हातारीने भंडारा उचलला आणि हात थरथरत होता तिचा, पैशाला नाही घाबरली ती, खंडोबाला घाबरली.

आणि मत गुप्त असतं म्हणतात ते एका माणसापुरतं खरं आहे. मोजणी बूथवार होते. हजार-बाराशे नावांचं बूथ, त्यात अमुक वस्तीचे तीनशे, आकडा समोर आला की कुणी कुठे दिलं ते गावातल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. विधानसभा-लोकसभेला तर बूथवार आकड्यांचा फॉर्म २० नंतर वेबसाईटवरच असतो. सगळ्या बूथची मतं एकत्र मिसळून मोजणारं टोटलायझर यंत्र आणा असं निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं, अजून आलेलं नाही. का आलं नसेल, विचार करा.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे, सुनेचे कागद वगैरे. त्या घाणीने समोरच्याचे मतदार आपल्याकडे येतात का? अजिबात नाही. पण त्यातले पाच-दहा टक्के "जाऊदे, सगळे सारखेच" म्हणून घरी बसतात, आणि तेवढंच पाहिजे असतं. सभ्य माणसाला किळस आली की काम झालं. तुम्ही तीनदा नोटा दाबलंत ना, तुमच्या प्रभागात ज्याच्याकडे तुमचं मत जाण्याची भीती होती त्याच्या वहीत ते वजा एक म्हणून लागलं असणार. दुसऱ्याने त्यासाठी एक रुपया खर्च केला नाही. वाईट वाटून घेऊ नका, मी फक्त हिशोब सांगतोय.

मी २०१९ नंतर सोडलं. तत्त्व वगैरे काही नाही, शेवटच्या हिशोबात अठरा हजार कमी आले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

कृष्णाकाठचा

@माजी_बूथवाला, वजा एक हे वाचून झोप उडाली राव.

सरकारी_पेन

माझी दोन निवडणुकांना खर्चाच्या पथकात ड्युटी लागली होती, त्यामुळे कागदावरची बाजू सांगतो. हसायचं असेल तर हसा.

विधानसभेला आपल्या राज्यात उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, लोकसभेला ९५ लाख, २०२२ पासून. प्रत्येक जिल्ह्यात दरपत्रक निघतं, चहा इतके, वडापाव इतके, प्लास्टिकची खुर्ची इतके, फेटा इतके. सभेला व्हिडिओवाला आमच्याबरोबर, तो शूटिंग करतो आणि रात्री बसून आम्ही खुर्च्या मोजतो. शब्दशः खुर्च्या मोजतो, पॉज करून. मग आमच्या वहीतला आकडा आणि उमेदवाराच्या वहीतला आकडा ताडून बघायचा, प्रचारात तीन वेळा तपासणी, निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशोब. एकदा एका उमेदवाराच्या माणसाने माझ्याशी अर्धा तास भांडण केलं की पहिल्या तीन रांगा घरच्या खुर्च्यांच्या होत्या, त्या धरू नका. आणि त्याच रात्री गावात काय वाटलं जात होतं ते त्याला, मला, चहावाल्याला, सगळ्यांना माहीत. पण पाकिटाला दरपत्रकात रकाना नाही.

बरं ही मर्यादा फक्त उमेदवाराला. पक्षाने पक्ष म्हणून केलेल्या प्रचाराला मर्यादाच नाही. मोठ्या नेत्याचं हेलिकॉप्टर उमेदवाराच्या खात्यात येत नाही. तो नेता उमेदवाराचं नाव घेऊन किंवा त्याला शेजारी उभं करून बोलला तर सभेचा खर्च अंगावर येतो, म्हणून काही हुशार उमेदवार आपल्याच सभेला स्टेजखाली उभे राहतात. बघा पुढच्या वेळी लक्ष देऊन.

तक्रारीसाठी सी-व्हिजिल ॲप आहे, फोटो टाकला की १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित, आणि बॅनर-बिनरच्या बाबतीत खरंच होते, मी स्वतः उतरवलेत. पाकिटाच्या बाबतीत अडचण अशी की कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, एक वर्षापर्यंत शिक्षा. मग साक्षीला उभं कोण राहणार, काकू? (काकूंना घाबरवू नका, मी फक्त कलम सांगितलं.)

दहावा_मजला

मला या सगळ्यात एक बोचलं ते हे की पाकीट म्हटलं की सगळे लगेच गावाकडे, वस्तीकडे बोट दाखवतात. मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते, सोसायटीच्या कमिटीवर आहे, आमच्याकडचं ऐका.

१५ जानेवारीला आमच्या महापालिकेचं मतदान होतं. नोव्हेंबरातच एक इच्छुक येऊन गेले, चहा प्यायले, म्हणाले ताई काही अडचण असेल तर सांगा. कमिटीची मीटिंग झाली, एरवी कोरमला माणसं मिळत नाहीत, त्या दिवशी चाळीस जण. कुणी म्हणे सीसीटीव्ही मागा, कुणी म्हणे जिमला ट्रेडमिल, शेवटी मागच्या गेटचे पेव्हर ब्लॉक ठरले. आठवड्यात ट्रक आला. मग दुसरे इच्छुक आले, त्यांच्याकडून गणपतीच्या मंडपाचं पत्र्याचं शेड. दोघांनाही आम्ही शब्द दिला, म्हणजे नक्की काय दिला ते कुणी स्पष्ट बोललं नाही, सेक्रेटरी नुसतं "आपली सोसायटी तुमचीच" म्हणाले, दोघांना. काकूंनी केलं तेच आम्ही केलं की, फक्त आम्ही त्याची मिनिट्स लिहिली.

पाचशेची नोट दारात आली असती तर आमच्याकडे सगळ्यांनी नाक मुरडलं असतं. मतदानाच्या दिवशी पेव्हर ब्लॉकवरून गाड्या काढून अर्धी सोसायटी लोणावळ्याला गेली, गुरुवार होता आणि लाँग वीकेंड करायचा होता.

अजून एक. मार्च २०२२ ला आमच्या आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक. म्हणजे "तुम्ही पाच वर्षांत काय केलं" हा प्रश्न विचारायला समोर माणूसच नाही! विचारलं की "तेव्हा आम्ही कुठे होतो, प्रशासक होता". मग प्रचारात बोलायचं काय? एकतर वाटायचं नाहीतर शिव्या द्यायच्या. महिलांसाठी पैठणीचे खेळ, उज्जैनच्या बसेस. मी पण गेले होते पैठणीच्या खेळाला, डबा मिळाला.

कांद्याची_गोणी

आमच्या नाशिक जिल्ह्याची आठवण काढल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. देवळा तालुक्यातलं उमराणे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायतीला तिथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला, बोली गेली २ कोटी ५ लाखांवर, पैसा मंदिरासाठी. व्हिडिओ बाहेर आला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची, दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूकच रद्द केली. माझे पाहुणे आहेत त्या भागात, मी विचारलं असं कसं केलंत, तर म्हणे "निवडणूक झाली असती तरी दोन्हीकडून तेवढाच पैसा गेला असता आणि भांडणं वेगळी, त्यापेक्षा देवाला तरी गेला". मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही. फक्त एवढंच वाटलं की ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याने मग गावात काय नुसता कांदा पिकवायचा?

हिरवट

सगळे एकदम रडायला लागलात म्हणून जरा उलटं बोलतो. २०२४ च्या विधानसभेला केवढी राळ उडाली आठवतंय ना? गद्दार, खोके, बटेंगे तो कटेंगे, व्होट जिहाद, आणि वर लाडक्या बहिणींना हे म्हणतात १५०० चे २१०० करू आणि ते म्हणतात ३००० देऊ. तुमच्या मते लोक कंटाळून घरी बसायला हवे होते. पण मतदान २०१९ ला ६१ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०२४ ला ६६ च्या आसपास गेलं. लोक कंटाळलेत हे खरं असेल तर ही वाढ कुठून आली? माझ्या मते कंटाळलेला वर्ग तोच आहे जो असे धागे काढतो आणि कुलाब्यात राहतो. हलकेच घ्या.

माजी_बूथवाला

@हिरवट, आकडा बरोबर आहे पण "लोक आले" आणि "लोकांना आणलं" यात फरक असतो. पुण्या-मुंबईहून गाड्या कोण लावतं? डिझेल कुणाचं? तरी तुमचा मुद्दा एका बाबतीत पटतो. बायका यावेळी स्वतःहून आल्या होत्या, रांगेत उभ्या असताना कुणाची वाट बघत नव्हत्या. त्यांना १५०० थेट खात्यात मिळत होते आणि मधे खोडरबरवाला नव्हता. ते बरं का वाईट ते मी सांगणार नाही, त्यावर वेगळा धागा काढा आणि मारामारी करा.

सांगोल्याची_डाळिंबं

पैशाशिवाय होतच नाही असं म्हणू नका मात्र. आमचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, एसटीने फिरायचे. आणि तुमच्याच शेजारी हातकणंगल्याला २००९ मध्ये राजू शेट्टींना लोकांनी 'एक व्होट, एक नोट' करून खासदार केलं. मतदाराने उमेदवाराला पैसे दिले होते, उलटं. माझ्या मामाने शंभर रुपये दिलेले आणि मग तो माणूस निवडून आला पाहिजे म्हणून स्वतःच्या खर्चाने चार गावं फिरला. शंभर रुपये घातले होते ना!

सरकारी_पेन

हे खरंय, आणि डोळ्यात पाणी येतं हेही खरंय, पण तेच २००९ हे पेड न्यूजचंही वर्ष होतं. विधानसभेला वर्तमानपत्रांत उमेदवारांची पानंच्या पानं बातमी म्हणून छापून आली, खाली जाहिरात असा शब्द नाही, आणि दोन वेगवेगळ्या पेपरांत तोच मजकूर. तेव्हा 'पूर्वी बरं होतं' म्हणून उसासा टाकण्यात अर्थ नाही. देणगीवर निवडून आलेला माणूस पाच वर्षांनी परत उभा राहतो तेव्हा समोरच्याचं पाकीट वाढलेलं असतं, ते बघा.

खालची_आळी

आता निवांत वाचलं. नोटाबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. नोटा २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आलं. विधानसभा-लोकसभेला नोटा पहिला आला तरी दुसऱ्या नंबरचा उमेदवार निवडून येतो, म्हणजे वाघ पण दात नसलेला. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा आदेश काढला, नोटाला सर्वात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. म्हणजे कृष्णाकाठच्या, तुझ्या तीन नोटांना कागदावर तरी दात होते.

आणि नोटा म्हणजे निव्वळ निषेधच असतो असंही नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता, २७ हजारांवर मतं. तेव्हा पेपरात उघड आरोप झाले होते की तिथे नोटा दाबा म्हणून पद्धतशीर प्रचार झाला. म्हणजे निषेध करायचं बटणसुद्धा कुणीतरी वापरून घेतं की काय असा संशय. आपण वैतागायचं तरी कुठे जाऊन.

मी स्वतः काय करतो? दरवेळी जातो आणि ज्याने माझ्या घरी येऊन समोरच्याला कमीत कमी शिव्या दिल्या त्याला देतो. गेल्या तीन निवडणुकांत माझा माणूस पडला. डिपॉझिट दोनदा गेलं, त्याचं, माझं नाही.

दहावा_मजला

@खालची_आळी, हा निकष मी चोरणार आहे. आमच्या कमिटीत लावला तर एकही सभासद उरणार नाही.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल गावी फोन केला आणि आईला निम्मा धागा वाचून दाखवला. बेलभंडाऱ्याच्या म्हातारीचं ऐकून गप्प झाली. 'वजा एक' ऐकून मात्र मलाच बोलली, "मी तरी दोघांपैकी एकाला देऊन आले, तू रजा टाकून येऊन काय केलंस?" कुणाला दिलं ते विचारलं तर नेहमीचं उत्तर, मत गुप्त असतं. त्या पोराला पण तेच सांगितलं म्हणे, तो निकालाच्या दिवशी विचारायला आला होता.

पुढच्या वेळी जाईन बहुतेक. पण जायच्या आधी महिनाभर जायला पाहिजे असं वाटतंय, आदल्या रात्री जाऊन काय बघणार, पाकिटंच.

हो, आणि त्या पाकिटांचं काय केलंस विचारलं. पाणी सहा दिवस आलं नव्हतं म्हणून गल्लीत पाण्याचा टँकर मागवला होता, त्याला दिले.

माजी_बूथवाला

टँकर कुणाचा होता ते विचारलंत का?

कृष्णाकाठचा

विचारलं. निवडून आलेल्याच्या मेव्हण्याचा. पावती दिली नाही.